नमुना सतरा

अकरा मीटर खोलीवरची माती
पोलादी नळीतून हळूच बाहेर ढकलतो ऑडवार,
तारेने कापतो. निळसर करडी, ताठ, शहाणी.
बोटाचा ठसाही जेमतेम उमटतो.

मग भांड्यात घेऊन चमच्याने घोटायची.
वीस सेकंदांत तिचं ताक होतं.

तीन वर्षं झाली, तरी इथे माझा हात अडखळतो.

समुद्राच्या तळाशी साचली होती ही.
जमीन वर आली, गोडं पाणी झिरपत राहिलं
हजारो वर्षं,
आणि मीठ धुऊन गेलं.
उरला पत्त्यांचा बंगला, कण कणाला टेकून.
त्याच्यावर गुनवोरचं शेत, गोठा,
नातवाचा झोपाळा.
आम्ही नळी उपसत होतो तेव्हा तिने कॉफी आणली,
विचारलं, "धरेल ना?"
तपासून सांगते, म्हटलं.

प्रबंधात "धरेल" हा शब्द कुठेच नाही.
आलेख आहेत. पाच नमुने, त्यातले दोन वाटेतच हादरून बिघडलेले.
आणि समासात मार्गदर्शकांची पेन्सिल: भाषा सौम्य करा.

रात्री साडेअकराला ऑडवारने डबा उघडला,
उकडलेल्या अंड्यासाठी आणलेलं मीठ
चिमूटभर माझ्या भांड्यात टाकलं.
"ढवळ."

चमचा जड होत गेला.
सोडला, तर उभाच राहिला.

खाल्ल्या मिठाला जागली.

पण उतारभर शेताला किती चिमटी लागतील
ते त्याने विचारलं नाही,
मीही नाही.
वहीत वेळ लिहिली. खिडकीपलीकडे
ट्रॉन्हाइमचा फ्योर्ड, अंधारात,
सगळाच्या सगळा खारट.