बसलेला बैल

पहिला केक केला तेव्हा
कुकरची शिट्टी काढून कुठे ठेवली
ती अजून सापडली नाही.
तळाला नदीची वाळू, तीनदा धुऊन वाळवलेली,
वाळूवर उपडी वाटी, वाटीवर डबा.
पंचेचाळीस मिनिटं, शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या.
बाविसाव्या मिनिटाला मी झाकण उघडलं
आणि मधोमध खड्डा पडला,
आमच्या फाट्यावर आहे तसा.
"गिट्टी टाक त्यात," मालक म्हणाले,
आणि उठले तेव्हा ताट कोरं होतं.

तेव्हापासून बियाण्याच्या कंपनीने दिलेल्या डायरीत
मी लिहून ठेवते.

संत्र्याची साल किसावी तर वरवर,
पांढरं लागलं की केकचा काढा होतो.
ज्वारीचं पीठ एकटं घालू नये,
ते भाकरीची आठवण काढत बसतं.
मोहफुलं भिजवून वाटून घातली त्या दिवशी
वास पार पारापर्यंत गेला,
पोलीस पाटील सहज म्हणून
दारावरून दोनदा गेले.
अंबाडीच्या बोंडांचा जाम: जमला.
सांबारवडीत चीज: नाही. पुन्हा नाही.
(खाली बेबीनंदा मावशीचा अंगठा आहे, हळदीचा.)
गाकरावर वांग्याचं भरीत, वर कांदा, वर जवसाची चटणी:
पोरं त्याला पिझ्झा म्हणतात.
मी म्हणू देते.

लाईट चारला जाते, येते तिच्या मर्जीने,
म्हणून माझा कारभार चुलीवर.
पऱ्हाटी उतावीळ, भसकन पेटते, भसकन विझते.
बाभूळ समजूतदार.
केकला बाभूळ लागते.

तान्ह्या पोळ्याच्या चार दिवस आधी
सोनटक्के सुतारांची नात गुंजन आली.
"आबाचा हात थरथरते आता,
औंदा लाकडाचा बैल नाई होत.
तुमी करून द्या केकाचा.
चाकं नसली तरी चालन. शिंगं पायजेत."

पाय मी बिस्किटांचे केले.
रात्री दोनला पुढचा उजवा मोडला.
अडीचला मागचे दोन्ही.
चौथा मीच मोडला, रागाने.
मग बैल आपला आपण बसला,
मान जराशी वळवून,
जशी बाजारातून परतल्यावर वळवतात.
डोळ्यांना दोन मिरे, शिंगांना तिळाची चिक्की,
झूल बिटाच्या रसाची.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली
लाकडी नंदी रांगेत उभे, चाकांवर, बाशिंग बांधून,
आणि मध्ये ताटात हा.
"काऊन वो करुणा, बैल बसला?
सणाच्या दिवशी बसला बैल बरा नोय."
माझ्या तोंडात जीभ उरली नाही.
गुंजन म्हणाली,
"काल पोळ्यात लय चालला न तो. थकला असन."

सोनटक्के आबा काठी टेकत आले,
वाकले, बैलाच्या पाठीवरून
बोट फिरवलं, रंधा मारल्यावर फिरवतात तसं.
बोटाला साय लागली ती चाटली.
"सागवान नोय," म्हणाले,
"पण वशिंड बरोबर हाये."

बोजारा पडला ताटात, दहाच्या नोटा, नाणी,
झुलीला चिकटलेलं एक पाचाचं.
सगळं झालं आणि मग लक्षात आलं:
सुरी कोणी धरेना.
मालक नाही, सरपंच नाही, बेबीनंदा मावशी तर
पाठ फिरवूनच उभी.
पोळ्याच्या बैलाला सुरी कोण लावणार?

ऊन उतरलं. मुंग्या आल्या, ओळीने,
त्यांना कसलंच सुतक नव्हतं.
शेवटी पोरांनीच चमचे आणले
आणि मागून सुरुवात केली,
बैलाला दिसणार नाही अशी.
तोंड उरलं.
ते गुंजनने डब्यात घालून नेलं,
झाकण उघडं ठेवून.

रात्री डायरीत लिहिलं:
बैल करू नये. कापता येत नाही.
पुढच्या वर्षी बंडी.

सकाळी आबांचा निरोप आला:
चाकाचं माप मी सांगीन.