पासष्ट सेंटिमीटर

पुस्तकातला धक्का पाण्यापासून पाच मीटर उंच आहे.
ओहोटीला आमचाही तेवढाच.
पुस्तकातला दोर सेकंदाला साठ सेंटिमीटर आत येतो.
तेरा मीटर दोर उरला असताना
होडी किती वेगाने येत असेल?

पुस्तकातल्या होडीत कोणी नाही.
आमच्या होडीत ब्रांदुर आहे,
एक पाय मासळीच्या टबावर ठेवून उभा.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसतो मला
आणि विंचपाशी होग्नीमामा, टोपीत कान खुपसून.
फेरो बेटांवर वारा हा कधीच बाहेरचा पाहुणा नसतो.

मी आधी तेरा घातले.
तेराचा वर्ग, पाचाचा वर्ग, पायथागोरस जागेवर,
मग दोन्ही बाजूंचं विकलन केलं
आणि उत्तर आलं शून्य.
होडी थिजली.
दोर ताणलेला, मामाचा हात दांड्यावर, लाट अर्धी उचललेली,
ब्रांदुरच्या तोंडातली शिवी तोंडातच.
सुन्वोरबाई वहीच्या कडेला लिहितात ते हेच:
*आधी हलू दे. मग मोज.*

खोडलं.
दोराला नुसता दोर म्हटलं, अंतराला क्ष,
दोघांनाही सुटं सोडलं, आकडे दाराबाहेर उभे केले,
आणि अगदी शेवटी एकेकाला आत घेतलं.

पासष्ट.

साठाने ओढलं तर पासष्टने कशी येईल?
ओढणाऱ्यापेक्षा येणारी पुढे?
तीनदा तपासलं. पासष्टच.
बूट न बांधताच खाली गेले, वही स्वेटरच्या आत.

मामाने मान वळवली नाही.
"जवळ आली की धावतेच ती," म्हणाला.
"किती जवळ?"
त्याने हनुवटीने पाण्यातली एक जागा दाखवली,
भिंतीवरच्या शेवाळी पट्ट्याच्या थोडी अलीकडे.
"तिथे दांडा सोडतो मी."

मी भिंतीला टेकून, बोटं गारठलेली,
तिथलं अंतर अंदाजाने धरलं पावणेचार,
दोर निघाला सव्वासहा,
आणि वेग बरोबर एक मीटर.

सांगितलं त्याला.
त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं,
एखाद्या नातेवाइकाचं नाव रेडिओवर ऐकावं तसं.
चाळीस वर्षं हा हात तिथेच सैल पडतो.

"आणि अगदी भिंतीपाशी? क्ष शून्य झाला की?"
म्हटलं, तिथे भागाकार मोडतो.
वेग इतका होतो की तो वेगच राहत नाही.
पुस्तक तिथवर नेत नाही कुणाला.

"तिथे होडी येत नसते, पोरी," मामा म्हणाला,
"तिथे ती लटकते."
आणि हुक खाली सोडला.

ब्रांदुरने तो पकडला, टब वर आला,
एक कॉड वहीवर आपटला.
बाईंना अजून कळलेलं नाही
समीकरणाच्या बरोबरच्या चिन्हावर
तो खवला कसा आला ते.