उजवा पाय

ग्रिम्सबीत रात्री साडेदहा वाजता
मागच्या छोट्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाला खेटून,
मी दोन इंजिनांचं जुनं विमान
पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी आणून उभं करतो.
पायाखाली पेडल. ती गालिच्यावरून सरकतात,
म्हणून त्यांच्यामागे तांदळाची वीस किलोची गोण.
(ती आता अर्धी झालीय. घरात भात शिजतो
तसं माझं सुकाणू सैल पडत जातं.)

पडद्यावर हंबरसाइडचा विमानतळ, आकाश स्वच्छ.
खिडकीबाहेर खरं धुकं, मासळीच्या कारखान्याच्या वासाचं.

दोन्ही थ्रॉटल पुढे.
दोन्ही पंखे एकाच दिशेला फिरतात, दुखणं तेच.
दोघांचं एकमत झालं
की नाक डावीकडे जातं.

उजवा पाय दाबतो. काही होत नाही.
अजून दाबतो. नाही.
शेपटीवर वारा यायचाय अजून;
सुकाणू आहे, पण त्याचं कुणी ऐकत नाही.
मग एकदम ऐकतं, सगळंच्या सगळं,
मघाचंही, आत्ताचंही,
आणि आम्ही उजवीकडच्या गवतात.

"पुन्हा गवतात?" दारात सुलक्षणा, हातात मोज्यांचा ढीग.
"ससे बघायला," मी म्हणतो.

पडदा काळा होतो, आणि लगेच दुसरं विमान,
कोरं करकरीत,
माझ्याबद्दल काहीही न ऐकलेलं.

शेजारचा कीथ हॉब्सन, तरुणपणी आइसलंडच्या पाण्यात
ट्रॉलर चालवलेला, कुंपणावर मग टेकवून म्हणाला होता,
"बोट उशिरा ऐकते. म्हणून आधी सांगायचं,
हळू सांगायचं,
आणि सांगून झालं की गप्प बसायचं."
यातलं तिसरं मला कुठेच जमलेलं नाही.

मिरजेत तात्या सायकलला दोन कॅन लावून
दुधाचा रतीब घालायचे.
एक माप डाव्या कॅनमधलं, एक उजव्यातलं,
गिऱ्हाईक एकाच दारातलं असलं तरी.
मला वाटायचं, ही काही देवाधर्माची रीत असेल.
पहिल्यांदा मला एकट्याला धाडलं
तेव्हा मी डावा कॅन आधी संपवला
आणि किल्ल्याजवळच्या वळणावर
उजव्या अंगाने गटारात, दुधासकट.
तात्या रागावले नाहीत. म्हणाले, "कळलं ना आता."
मी मान डोलावली.
कळलं ते पन्नास वर्षांनी, इथे, गोणीला पाय टेकून.

तर आता दोन्ही एकदम नाही.
डावा थ्रॉटल बोटभर पुढे, उजवा त्याच्या मागून,
शेपटीवर वारा येईपर्यंत असंच,
मग काटे हळूहळू बरोबरीला.
आणि नजर?
नजर मी नाकाच्या टोकावर ठेवत होतो,
जिथे चूक दिसते तेव्हा
ती होऊन गेलेली असते.
"लांब बघ," मोजे जुळवता जुळवता सुलक्षणा.
"शेहेचाळिसाव्या वर्षी मला गाडी शिकवताना
ती मॉरीन हेच ओरडायची.
बॉनेट कुठे पळून जातंय? रस्त्याचं टोक बघ."

टोक. तिथे एक दिवा आहे,
गुळाच्या खड्याएवढा.
उजवा पाय, थोडा. सोड. थोडा. सोड.
शेपटी उचलली, आणि डावीकडे तो झटका, नेहमीचा,
पण पाय आधीच तिथे जाऊन बसला होता.
मधली पांढरी रेघ खालून पळाली
शिकाऊ हाताच्या टाक्यांसारखी, नागमोडी,
तरी कापडाबाहेर नाही.
साठ. सत्तर.
आता वारा ऐकायला लागलाय, पाय हलका कर, अजून हलका.
नव्वदच्या जरा आधी
चाकांचा खडखडाट थांबला.

खाली काळी शेतं, मग हंबर, पुलाचे दिवे.
मी वळून बघितलं.
सुलक्षणाकडे एक मोजा जोडीवाचून उरला होता;
तो खांद्यावर टाकून
"आणि उतरवणार कुठे?" एवढं विचारून
ती झोपायला गेली.

उतरवणं मला अजून येत नाही.
टाकीत चार तासांचं इंधन आहे.