पहिला रकाना

ऐरोली, सेक्टर आठ. कार्यशाळेच्या वहीत
तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग काय.
मधला भरायला कुणीही तयार.
चावला. ताट भिरकावलं. डोकं आपटलं भिंतीवर.
पहिल्यात मी महिनाभर लिहीत आले:
काही नाही.

आज, मनगटावर त्याच्या दातांची कमान घेऊन,
बसले भार्गवच्या खुर्चीत, नुसतीच.
मग ऐकू आली
डोक्यावरची ट्यूबलाइट,
बारीक, दाढेत शिरणारी.

बटण बंद केलं.

खिडकीपाशी उभा होता तो, छत्तीस वर्षांचा, चार शब्दांचा.
आला. मला कोपराने सरकवलं.
एक पणती रंगवली. दुसरी उचलली.

मी "काही नाही" खोडलं.
अजून तीस पानं मागे जायचं होतं.