निळं बटण

रिमोट तीन आणले, परत करायच्या बोलीवर,
जळगावच्या फुले मार्केटातून.
जुम्मा तडवी पिशवीत भरताना म्हणाला,
"ताई, घरी वापरून बघा. फक्त खोकी फाडू नका."

ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर
मी टीव्हीखालच्या फळीवर आडवा निजवलाय.
अप्पांसाठी त्याच्या पोटात बरंच भरलंय:
जुने सिनेमे, टेनूच्या लग्नाचं साडेचार तासांचं शूटिंग,
आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या आगगाड्या,
तासन्‌तास नुसत्या बर्फातून जाणाऱ्या.
भुसावळात सेहेचाळीस. कूलरमध्ये बादली ओतता ओतता
मीही बघते तो बर्फ.

पहिला रिमोट म्हणजे तळहाताएवढा कीबोर्ड.
अप्पांनी चष्मा वर केला, खाली केला.
"हे टाइपरायटर कसाले? मले काय अर्ज करना आहे?"
तो खोक्यात परत.

दुसरा हवेत फिरवायचा.
हात जाईल तिकडे पडद्यावरचा बाण जातो.
मला हाच आवडला होता दुकानात.
अप्पांनी उचलला,
आणि बाण थरथरायला लागला.

हाताचं आम्हाला ठाऊक होतं.
बशीत सांडलेल्या चहाएवढं ठाऊक होतं.
त्रेचाळीस इंची ठाऊक नव्हतं.
आई गॅस बंद करायला म्हणून उठून गेली.
गॅस चालू नव्हता.
"बाणच बिघडलाय," मी म्हटलं.
"बान बिघडेल नाही," अप्पा म्हणाले,
आणि रिमोट उशीवर पालथा ठेवला,
झोपलेल्या मुलाला ठेवावा तसा.

राहिला तिसरा. साधा, जाडसर, स्वस्त.
याला टीव्हीसमोरच धरावं लागतं,
मध्ये कुणी आलं की चालत नाही.
हे मी दोष म्हणून सांगत होते.
अप्पा सरसावून बसले.
"म्हंजे डोयाले डोया पाहिजे. मंग बरं आहे.
दिसल्याबिगर सिग्नल द्यायचाच नसतो."

खाली चार रंगीत बटणं: लाल, हिरवं, पिवळं, निळं.
त्यांना अजून काही काम नाही, मी म्हटलं,
तुम्ही सांगाल ते देते.

चौतीस वर्षं केबिनमध्ये लिव्हर ओढलेला माणूस
बटणांकडे बघत राहिला.
"लाल सिग्नलचा. काया सांध्याचा.
निया कुलपाचा. एकदा निया ओढला का
सांधा हालत नाही, वरून मेल जाऊ दे का मालगाडी."
आणि पांढरा?
"पांढरा कसाचाच नाही. रिकामा.
पन पुसा लागे तोही, रोज."

रात्री दोनपर्यंत बसले त्या बटणांशी.
लाल: थांब. हिरवं: चल.
पिवळं: जरा मागे जा, ऐकू आलं नाही.
निळं दाबलं की बाकी सगळी बटणं मुकी,
पुन्हा निळं दाबेपर्यंत.
मग अंगठा कुठेही पडो, कितीही हलो,
पडद्यावर काही हलत नाही.

सकाळी अप्पांनी रिमोट घेण्याआधी
खांद्यावरचा पंचा काढला, दुहेरी केला,
आणि त्यातून धरला.
"घाम लागला का गंज चढतो."
प्लास्टिकला कुठला गंज.
मी बोलले नाही.

गाडी बर्फात शिरली. त्यांनी निळं दाबलं,
हात मांडीवर सोडला,
आणि तो हलत राहिला तर राहू दिला.

आई चहा घेऊन दारात आली,
पुढे पाऊल टाकणार, तर थबकली.
तिच्या आणि खुर्चीच्या मध्ये
ती न दिसणारी रेघ होती.
"जाऊ का?"
अप्पांनी निळं सोडलं, लाल दिलं.
बर्फातली गाडी जागच्या जागी उभी राहिली.
"जाय," ते म्हणाले.
ती गेली, कप ठेवला, बशी कोरडी होती की नाही
ते मी पाहिलं नाही.
अप्पा तिच्या मागचं दार पडेपर्यंत बघत होते,
शेवटचा डबा जाईपर्यंत बघतात तसे.
मग हिरवं.