एकशे बारा ते एकशे अठरा

खाडीत लाल पाणी आलं की वडील तराफ्यावर जात नाहीत.
बंदरावर फलक लागतो : शिनाणे काढू नयेत.
पाचशे दोर खाली लोंबत राहतात
आपापल्या न विकल्या गेलेल्या वजनासकट,
आणि त्या पाण्याची एक बाटली
विलागार्सियाच्या धक्क्यामागे, तळघरात,
माझ्या बिनखिडकीच्या खोलीत येते.

या खेपेला विषारी जातीच्या गर्दीत
किन्तेला बाईंना एक वेगळाच जीव सापडला.
एकच पेशी. ना मेंदू, ना मज्जातंतू,
ना कुणी सांगणारं, ना कुणी ऐकणारं,
आणि अंगात एक डोळा.
"उशिया," त्या म्हणाल्या, "हा एकच आहे. दुसरा मिळायचा नाही."

म्हणजे मारायचा तो जपून.
आधी ऑस्मियम. त्याची वाफ डोळ्यांना धरते,
म्हणून मी तोंड फिरवून डोळा काळा करते.
मग रेझिन, भट्टी, दोन रात्री.
मग हिऱ्याची सुरी.

काप पाण्यावर तरंगत येतात.
जाडी रंगावरून ओळखायची :
सोनेरी म्हणजे जाड, रुपेरी म्हणजे नेमका.
त्यांना ढकलायला माणसाची पापणी लागते,
काडीच्या टोकाला चिकटवलेला एक केस.
आमच्याकडे इरियाचा आहे. ती नोकरी सोडून
पोर्तुगालला गेली, केस इथेच राहिला.
तिच्यासारखी पापणी नंतर कुणाची आली नाही.

हिरवट पडद्यावर अंधारात
डोळ्यात तेल घालून बसले.
केंद्रकात गुणसूत्रं, गुंडाळलेल्या दोरांसारखी,
ही जात म्हणे त्या गुंडाळ्या कधी सोडतच नाही.
कडेला तंतुकणिका. दुसरीकडे या चुली पेटवतात,
इथे कडेला कड लावून उभ्या राहिल्या
आणि बुबुळावरचं पारदर्शक आवरण झाल्या.
आत भिंग. त्याच्यामागे
पोळीच्या पदरांसारखी पडद्यांची चळत :
ते हरितलवक होतं. फार फार पूर्वी गिळलेलं
कुणाचं तरी शैवाल,
शिजवणं सोडून बघायला बसलेलं.

काय बघत असेल?
बाई म्हणतात, बघणं हा शब्द वापरू नकोस.
मी वहीत लिहिते : प्रकाश. सावली. कदाचित शिकार.
आणि कदाचितखाली रेघ मारते.

तीनशे चार काप. एक बाराव्या ग्रिडवर दुमडला,
तो मी सोडवायला गेले
आणि सुरीवरून सगळी पट्टीच फाटली.
एकशे बारा ते एकशे अठरा.
भिंग संपतं आणि पडदा सुरू होतो
नेमकं तिथे.
एका केसाच्या जाडीत अशा दीडशे फटी मावतील.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला,
परत घातला, आणि म्हणाल्या,
संगणक मधलं भरून काढेल.

घरी वडिलांना छापील चित्र दाखवलं.
त्यांनी ते आडवं धरलं, उभं धरलं,
खिडकीकडे नेलं.
"याच्यामुळे बंदी?"
याच्यामुळे नाही, मी म्हटलं, हा नुसता त्यांच्यात होता.
"मग बिचाऱ्याला कशाला कापलं?"
आणि चित्र फळांच्या टोपलीला टेकवून ठेवलं,
आपल्याकडे तोंड करून.

जेवताना मी फाटलेल्या पट्टीचं सांगितलं.
ते बराच वेळ पाव मोडत राहिले.
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या वादळात
त्यांचे सात दोर तुटून गेले होते.
अजूनही मोजताना ते त्या सात जागांवर थांबतात,
बोट लाकडाला लावतात, आकडा म्हणतात,
आणि पुढे जातात.
विम्याच्या माणसाला हे कळलं नव्हतं.

सकाळी मी वहीत सात चौकोन आखले.
एकशे बारा. एकशे तेरा.
आत काही काढलं नाही.
संगणकाला सांगितलं, इथे भरू नकोस.
बाईंना अजून सांगायचंय.