धरलंय

ओउलूत नदी गोठली, तरी
कुत्र्यांच्या बागेची फाटकं दोनच,
अर्धी बर्फात बुडालेली:
एक लहानांचं, एक मोठ्यांचं.
मी मोठ्यांकडची.
माझा कारहू बासष्ट किलोंचा, दाराएवढा रुंद.

ताइस्तोची नाप्पी चार किलोंची.
नाप्पी म्हणजे बटण.
त्याच्या कोटाच्या वरच्या दोन बटणांमधून
तिसऱ्यासारखं तिचं काळं नाक
तेवढं दिसायचं.

"काही करत नाही हो तो, खेळतोय,"
मी म्हणाले होते पानगळीत, पट्टा सोडताना.
खेळतच होता.
एकच पंजा, तोही लाडाने.
बरगडीचा आवाज
वाळकी काटकी मोडावी, इतकाच.

ताइस्तो काही बोलला नाही.
इथे माणसं तशीही कमीच बोलतात.
पण त्या दिवशीची ती गप्प
माझ्या स्वयंपाकघरात अजून बसून आहे.

आता सकाळी तो लांबून दिसला
की मी पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घालते,
रस्ता आधी मीच ओलांडते
आणि पलीकडून ओरडते: "धरलंय!"
तो टोपीला हात लावतो.

काल जाळीपाशी नाप्पी थांबली.
कारहू पोट टेकून बर्फात पसरला,
जमेल तेवढा लहान झाला.

मी पट्टा सोडला नाही.